हॉट प्रेसमधली किलबिली

आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या आमच्या घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी माझे सासरे हरवले. माणूस हरवावा इतकं काही आमचं घर मोठं नाही. खाली बसायची खोली आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, संपलं. नवरा मागच्या अंगणात बघून आला, मी रस्त्यावर बघून आले. सासूबाई सोफ्यावर अंगाभोवती शाल आणि शालीवर माझा कोट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी जागचं न हलता सांगितलं, "बाहेर कशाला शोधताय? या थंडीत बाहेर पडणारा माणूस नाही तो. घरात जिथे ऊब असेल तिथे बघा."

ऊब आमच्याकडे एकाच ठिकाणी आहे, जिना चढल्यावर समोर, हॉट प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते ते हॉट प्रेस. टाकीच्या वर फळ्या, फळ्यांवर टॉवेल, चादरी आणि या देशात कधीच पुरते न वाळणारे मोजे. आम्ही घर बघायला आलो होतो तेव्हा एजंट म्हणाला, "आणि हे हॉट प्रेस," आणि मला वाटलं, घराबरोबर इस्त्रीपण देतायत. मी खूश झाले होते.

बाबा तिथेच होते. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची वर नेऊन, कपाटाचं दार सताड उघडं टाकून, गुडघे टाकीला लावून बसले होते. हातात माझ्या मुलीच्या खोलीतलं थर्मामीटर होतं.

"अगं, इथे अठ्ठावीस आहे," ते म्हणाले. "वरच्या फळीवर तर तीस. मग बाकीच्या घराला काय झालंय?"

"बाबा, ते टॉवेलांसाठी असतं."

"टॉवेलांची चैन आहे," ते म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढे सरकवली.

मे महिना होता. पुण्यात उकाड्याने जीव जातोय म्हणून आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. दुसरंही एक कारण होतं. त्यांची सोसायटी पाडून नवीन बिल्डिंग बांधायचं ठरलं होतं आणि दोघंही एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये निम्मं सामान खोक्यांत ठेवून राहत होते. बाबांना फ्लॅट गेल्याचं फारसं काही नव्हतं. त्यांचं झाड गेलं होतं.

बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शिकवणं थांबलं नव्हतं, फक्त विद्यार्थ्यांनी येणं थांबवलं होतं. सोसायटीच्या फाटकाजवळ एक मोठं झाड होतं. पानं बघितली तर थेट गुलमोहर. पण गुलमोहर उन्हाळ्यात फुलून जातो आणि हे झाड पावसाळा सरता सरता फुलायचं, द्राक्षांसारखे लोंबते, शेंदरी घोस घेऊन. घोसातली प्रत्येक कळी मखमलीची गोळी. बाबा त्याला किलबिली म्हणत. शास्त्रीय नाव कोल्व्हिलिया. त्यांचं सगळं कौतुक या झाडाच्या एकटेपणाचं होतं. वाटाणा, हरभरा, तूर, चिंच यांच्या भल्यामोठ्या कुळातलं झाड, पण या प्रजातीत जात एकच, आणि ती मुळात सापडते जगातल्या एकाच बेटावर, मादागास्करला. "ना भाऊ, ना चुलत भाऊ," बाबा म्हणायचे. "एकटी." त्यांच्याकडे येणारा दर पाहुणा फाटकातून आत येताना म्हणायचा, "काय छान गुलमोहर आहे हो!" आणि बाबा त्याला चहा मिळायच्या आधी संपूर्ण माहिती द्यायचे. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या काकांनी हीच चूक केली होती आणि देण्याघेण्याचं बोलणं पाऊण तास लांबलं होतं.

सासूबाईंचा या विषयातला रस एका प्रश्नापुरता होता. बाबा म्हणाले की अमुक झाड शेंगवर्गातलं आहे, की त्या विचारायच्या, "त्याची उसळ होते का?" नाही म्हटलं की विषय बंद.

झाड तोडलं त्या दिवशी बाबा सकाळपासून बँकेत जाऊन बसले होते, काही काम नसताना. हे मला सासूबाईंनी सांगितलं. झाडाच्या शेवटच्या शेंगा त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या आणि त्यांना त्या इकडे आणायच्या होत्या. नवऱ्याने फोनवर बजावलं, "बाबा, बी-बियाणं काही आणायचं नाही. कस्टमवाले धरतात." बाबा नियम पाळणारे. डबा नणंदेकडे ठेवून आले. पण त्याबद्दलचा राग मात्र विमानातून सोबत घेऊन आले.

तो राग आमच्या मुलीने घालवला. ती नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर ॲथलोनच्या इंग्रजीत येतं. आजोबा तिला हॉट प्रेससमोर खुर्चीत बसून किलबिलीची गोष्ट सांगत होते. सगळं ऐकून घेतल्यावर तिने टॅबलेट आणला आणि म्हणाली, "आजोबा, यू कॅन जस्ट ऑर्डर इट, लाइक."

बाबांना खरं वाटेना. पण फ्रान्समधल्या एका बियांच्या दुकानात किलबिली मिळत होती. आठवड्याभरात जाड पाकीट दारात येऊन पडलं. मादागास्करच्या झाडाचं बी, फ्रान्सच्या दुकानातून, आयर्लंडच्या पोस्टाने, पुण्याच्या माणसासाठी. आत चार चपट्या, तपकिरी बिया. बाबांनी माझ्या नेलकटरने प्रत्येक बीची कड जराशी कापली, रात्रभर गरम पाण्याच्या वाटीत भिजवल्या आणि सकाळी दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती घालून पेरल्या. डबे कुठे ठेवायचे हा प्रश्नच नव्हता. टॉवेल वरच्या फळीवर गेले, मधली फळी किलबिलीची झाली.

तीन डब्यांत काहीच झालं नाही. चौथ्यातून एक दिवस बी डोक्यावर टोपीसारखं घेऊन एक देठ वर आला. बाबांनी घरातल्या सगळ्यांना जिन्यावर बोलावलं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद करून गेले. सासूबाईंनी वाकून बघितलं. "मुगाला याहून बरा मोड येतो," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

तेव्हापासून आमच्या घराचं वेळापत्रक किलबिलीचं झालं. अंधारात रोप वाढत नाही, म्हणून दिवसा ती दक्षिणेच्या खिडकीत. ढग आले, गार वारं सुटलं, की हॉट प्रेसमध्ये. ॲथलोनमध्ये ढग किती वेळा येतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाबा दिवसभर डबा घेऊन खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. आणि कपाट ऊबदार राहावं म्हणून इमर्शन चालू. इमर्शन म्हणजे टाकीतला विजेचा हीटर. इथल्या माणसांच्या मनात त्याच्या बिलाची जी दहशत आहे तिची आम्हाला कल्पना नव्हती. ती पुढे आली.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, बाबांच्याच वयाचे, विधुर. पूर्वी दूध डेअरीचा टँकर चालवायचे. दोन अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे त्यांची स्वीट पी. वाटाण्यासारखा वेल, पण फुलं शोभेची, गुलाबी, जांभळी, पांढरी, आणि वासाने वेड लावणारी. ऑगस्टमध्ये जवळच्या गावी शेतकी प्रदर्शन भरतं. गाई, मेंढ्या, कुत्री, केक, जॅम आणि फुलं. त्यात स्वीट पीचं पहिलं बक्षीस दरवर्षी यांचंच. तिथे सगळे ते गृहीतच धरून चालतात.

बाबांची आणि त्यांची पहिली भेट मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितली. बाबा कानटोपी घालून भिंतीशी गेले, पाठीमागे हात बांधले, वेलाकडे मान करून म्हणाले, "गुड मॉर्निंग. व्हिच फॅमिली?"

शेजाऱ्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. बाबा वेलाबद्दल विचारत होते, त्यांना वाटलं घराण्याबद्दल. या देशात तो अगदी रास्त प्रश्न आहे. त्यांनी सुरुवात केली. आईची माणसं नदीपलीकडची, रॉसकॉमनची. ते स्वतः तिकडेच जन्मले, लग्न झाल्यावर पूल ओलांडून इकडे आले आणि अजून इकडच्यांना ते बाहेरचे वाटतात. एक भाऊ बॉस्टनला. एक बहीण नन व्हायला गेली होती, पण तिला ते पहाटे उठणं जमलं नाही. चुलत्याने शेत विकलं तेव्हापासून त्या घराशी बोलणं नाही. बाबा तोंडी परीक्षेत पोरगा मुद्द्यावर येण्याची वाट बघावी तसे शांतपणे ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "आय मीन, दि प्लांट."

शेजाऱ्यांनी वेलाकडे बघितलं. "अच्छा, ही होय. ही वाटाण्याच्या घरातली."

"करेक्ट," बाबा म्हणाले, अगदी पूर्ण मार्क दिल्यासारखे.

त्यानंतर दोघं रोज भिंतीशी भेटू लागले. दोघंही इंग्रजी बोलायचे आणि दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी कळायचं नाही. मला इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करावं लागे. एकदा शेजारी आभाळाकडे बघून म्हणाले, "ग्रँड स्ट्रेच इन दि ईव्हनिंग्ज." म्हणजे संध्याकाळ छान लांबलीय, उजेड उशिरापर्यंत राहतो. बाबा म्हणाले, "आय डू इट इन दि मॉर्निंग. सूर्यनमस्कार." दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या सासऱ्यांची तब्येत बरी आहे ना?"

किलबिली वीतभर झाल्यावर बाबा तिला शालीत गुंडाळून भिंतीशी घेऊन गेले. मी सोबत होतेच.

"फर्न का?" शेजाऱ्यांनी विचारलं.

बाबांचा चेहरा मी बघितला. गुलमोहर म्हणणारी माणसं त्यांना सवयीची होती, पण फर्न म्हणणारा पहिलाच. त्यांनी सावकाश, वर्गात सांगायचे तसं सगळं सांगितलं. तुमच्या वाटाण्याच्याच कुळातली आहे. साठ फुटांचं झाड होतं. आणि जगातल्या एकाच बेटावर सापडते, दुसरीकडे कुठेही नाही.

"मग आमच्यासारखीच की," शेजारी म्हणाले.

बाबा इतके हसले की शालीतलं रोप हलायला लागलं. मी त्यांना इकडे आल्यापासून असं हसताना बघितलं नव्हतं. शेजारीच म्हणाले, हिला प्रदर्शनात ठेवा. कुंडीतल्या, पानं शोभिवंत असलेल्या रोपांचा एक वर्ग असतो. पानं कशासारखी आहेत तेही त्यांनी सांगितलं. बाबांना ऐकू आलं ते "शेरॉन", आणि ही शेरॉन कोण, यावर संध्याकाळी आमची चर्चा झाली. मुलीने निकाल लावला: ते "शॅननसारखी" म्हणाले होते, म्हणजे आमची नदी. पानांची आणि नदीची तुलना का केली ते मात्र तिलाही सांगता आलं नाही. "ही इज जस्ट बीइंग नाइस, आजोबा."

बाबांनी प्रदर्शनाची तयारी मनावर घेतली. दह्याचा डबा जाऊन मातीची कुंडी आली. सगळीकडून सारखी वाढावी म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. पानांवरची धूळ माझ्या मेकअपच्या ब्रशने झाडायची. जुलै संपेपर्यंत किलबिली हातभर झाली होती आणि खरंच देखणी दिसत होती, पिसांसारखी पानं दोन्ही बाजूंना पसरून. सासूबाईसुद्धा जिन्यातून येता-जाता तिच्याकडे बघायच्या, अर्थात बाबा नसताना.

आणि मग आम्ही समुद्र बघायला गेलो. प्रदर्शन शनिवारी होतं. नवऱ्याला मंगळवार ते गुरुवार सुट्टी मिळाली, आणि आईबाबांना इतक्या लांब आणून पश्चिमेचा किनारा न दाखवता परत कसं पाठवायचं? बाबा येईनात. शेवटी शेजाऱ्यांकडे किल्ली दिली. बाबांनी त्यांना हॉट प्रेससमोर उभं करून तीनदा सांगितलं, "कीप वॉर्म. व्हेरी लिटल वॉटर." शेजारी तिन्ही वेळा म्हणाले, "नो बॉदर." आम्ही गेलो. किनाऱ्यावर धुकं होतं, समुद्र दिसला नाही. बाबा गाडीत दर दोन तासांनी म्हणत होते, "आत्ता कपाटात असेल."

गुरुवारी संध्याकाळी परत आलो तेव्हा किलबिली कपाटात नव्हती. ती मागच्या दारी, पायरीवर, पावसात उभी होती. म्हणजे खोड उभं होतं. पानं सगळी गळून पायरीवर चिकटली होती, लग्नाच्या हॉलबाहेर दुसऱ्या दिवशी अक्षता चिकटलेल्या असतात तशी.

आम्ही काही बोलायच्या आतच भिंतीपलीकडून शेजारी आले, अगदी खुशीत. "बिचारीला कोंडून काय ठेवलं होतंत अंधारात? म्हटलं जरा हवा खाऊ दे. मऊ पाऊस पडतोय दोन दिवस." मग त्यांचा आवाज खाली गेला, जसा इथे लोकांचा आजारपणाबद्दल बोलताना जातो. "आणि आभार मानू नका, पण तुम्ही इमर्शन चालू ठेवून गेला होतात. मंगळवारपासून! मी लगेच बंद केलं. बिलात घर गेलं असतं."

मुलीने माझा हात धरला. बाबा पायरीवर वाकले, एक ओलं पान उचललं, सरळ झाले आणि इंग्रजीत अत्यंत शांतपणे म्हणाले, "इट इज डेसिड्युअस. लीव्हज फॉल. नॅचरल." मग आमच्याकडे वळून त्याच शांत आवाजात मराठीत म्हणाले, "मारली या माणसाने."

शेजाऱ्यांना मराठी येत नाही, पण चेहरे वाचता येतात. त्यांनी कुंडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, टोपी काढली आणि घरी गेले.

बाबांनी खोडाची साल नखाने जराशी खरवडली. आतून हिरवी होती. "जिवंत आहे," ते म्हणाले, आणि कुंडी घेऊन वर गेले. जेवायला आले नाहीत. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "त्या वेळी बँक तरी होती." मला हसू आलं आणि मग आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. शेजारी उभे होते, हातात स्वीट पीचा गुच्छ. लांब सरळ दांडे, प्रत्येकावर चार चार फुलं, एकही डाग नाही. "त्यांना द्या," म्हणाले आणि मी आत या म्हणायच्या आत निघून गेले.

बाबांनी फुलं बघितली आणि कितीतरी वेळ बघतच राहिले. "अगं, ही प्रदर्शनाची आहेत," ते म्हणाले. "हीच वेलावर जपून ठेवलेली. त्याने मला कापून दिली." त्यांनी सासूबाईंचा पुण्याहून आणलेला स्टीलचा तांब्या घेतला, पाणी भरलं, फुलं त्यात लावली. उद्या सकाळी ही त्यांना परत नेऊन द्यायची आणि प्रदर्शनात ठेवायलाच लावायची, असं त्यांनी जाहीर केलं. तोवर घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी ठेवायला हवीत. बाबांच्या मते घरातली सगळ्यात चांगली जागा कोणती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात ते आलं नाही.

सकाळी बाबांनी हॉट प्रेसचं दार उघडलं. इमर्शन रात्रभर चालू होतं. फुलांनी तांब्याच्या काठावरून माना टाकल्या होत्या.

मुलगी नाइटड्रेसमध्ये येऊन उभी राहिली. "आजोबा," ती म्हणाली, "यू कुक्ड देम."

बाबा एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात पानं नसलेली कुंडी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात गेले. मी मागोमाग, भाषांतरासाठी, पण गरज पडली नाही. शेजाऱ्यांनी दार उघडलं. बाबांनी आधी तांब्या पुढे केला. "हॉट प्रेस," ते म्हणाले. "होल नाइट."

शेजाऱ्यांनी फुलं बघितली. मग कुंडी बघितली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, दाराला धरून. "म्हणजे फिटलं आपलं," ते म्हणाले. बाबांना शब्द कळले की नाही कोण जाणे, पण तेही हसायला लागले, तांब्यातलं पाणी सांडेपर्यंत. सासूबाई आमच्या दारातून ओरडून विचारत होत्या, "काय झालं? मिटलं का?"

मिटलं होतं. शेजाऱ्यांनी वेलावरची उरलीसुरली फुलं गोळा केली, बाबांनी कुंडी मांडीवर घेतली आणि आम्ही सगळे एकाच गाडीतून प्रदर्शनाला गेलो. "पानं नाहीत तर कशाला न्यायची?" नवरा म्हणाला. बाबा म्हणाले, "नाव दिलं आहे. नाव दिल्यावर हजर राहायचं."

मैदानावर चिखल होता आणि सगळे गमबुटात होते. फुलांच्या तंबूत लांब टेबलावर हिरव्यागार कुंड्यांची रांग, बेगोनिया, फर्न, कसलीकसली रंगीत पानं, आणि त्यांच्या मधोमध आमची काठी. काठीसमोर मुलीने सुंदर अक्षरात नाव लिहून ठेवलं होतं आणि खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती: "विश्रांती घेत आहे."

परीक्षक बाई आल्या. उंच, हिरवा कोट, हातात फळीवर लावलेले कागद. परीक्षण चालू असताना लोकांना बाहेर थांबवतात, पण तंबूची कनात वर केलेली होती आणि आम्ही रांगेने उभे होतो. बाई आमच्या कुंडीपाशी थांबल्या, काठी हलवून बघितली आणि मदतनिसाला म्हणाल्या, "याला आधाराची काठी लावली आहे, पण रोप कुठे आहे?"

बाबांनी बाहेरूनच हात वर केला. "एक्स्क्यूज मी, मॅडम. दॅट इज दि प्लांट."

बाईंनी त्यांना आत बोलावलं. पुढची दहा मिनिटं बाबांनी निवृत्तीनंतरचं पहिलं जाहीर लेक्चर दिलं. प्रजाती, जात, बेट, कुळ, घोस, कळ्या, सगळं. शेवटी साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं. बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. केकच्या टेबलावरच्या बायकासुद्धा ऐकायला आल्या. मग शेजारी कनातीतून आत शिरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पानं होती. चांगली दाट होती. माझ्यामुळे गेली. मी इमर्शन बंद केलं."

"तुम्ही बरोबरच केलंत," केकवाल्या बायकांपैकी एक म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

निकाल लागला तेव्हा बेगोनियासमोर लाल कार्ड होतं, फर्नसमोर निळं आणि आमच्यासमोर एक पांढरं. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं होती, एन, ए, एस. सासूबाईंनी चष्मा लावून ती एकत्र वाचली. "नास," म्हणाल्या. "नास झाला ते दिसतंच आहे. कार्ड कशाला लावायला हवं?"

पण कार्ड आहे म्हणजे काहीतरी मिळालंच, असं ठरवून त्यांनी फोटो काढला आणि पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "यांच्या झाडाला आयर्लंडमध्ये कार्ड मिळालं." आम्ही चहाच्या रांगेत पोचेपर्यंत अभिनंदनांचा पाऊस. हार, टाळ्या, फटाके. माझ्या काकांनी लिहिलं, "वा! गुलमोहर छान आलाय." फोटोत काठी होती.

अर्थ शेजाऱ्यांनी सांगितला. नॉट ॲज शेड्यूल. म्हणजे वर्गाच्या नियमात बसत नाही, शोभिवंत पानांच्या वर्गात पानं हवीत. आम्ही सगळे बाबांकडे बघायला लागलो. आता वाईट वाटणार, तर काय बोलायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पानंच नाहीत तर पानांचे मार्क कसे देतील? ऐकून सगळं घेतलं आणि एक मार्क वाढवला नाही. चांगली परीक्षक आहे." ते मग मुद्दाम चिखलातून पलीकडे गेले आणि त्या बाईंना नमस्कार करून आले. शेजाऱ्यांच्या स्वीट पीला तिसरं मिळालं. लोक येऊन त्यांचं सांत्वन करत होते आणि ते प्रत्येकाला बाबांकडे बोट दाखवून सांगत होते, "युअर मॅन देअर," म्हणजे तो तिकडचा माणूस, "त्याने शिजवली ती." बाबा प्रत्येकाशी हात मिळवत होते. त्यांना वाटत होतं, त्यांची ओळख करून दिली जातेय.

घरी आल्यावर बाबांनी ग्रुपवरच्या प्रत्येक अभिनंदनाला वेगवेगळं उत्तर लिहिलं. हे बक्षीस नाही. हे नियमात न बसल्याचं कार्ड आहे. आणि हा गुलमोहर नाही. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवस तरी राहू द्यायचं होतंत." बाबांनी ऐकलं नाही. जेवण गार झालं.

पुढच्या आठवड्यात ते परत गेले. कुंडी नेता येत नव्हती. निघायच्या दिवशी शेजारी चांगला कोट घालून आले होते. दोघांनी बराच वेळ हात धरून ठेवला आणि हवामानाबद्दल बोलले. विमानतळाची बस सुटल्यावर शेजारी मला म्हणाले, "माझ्याकडे दे. मीच घालवली, मीच आणतो." मी म्हटलं, "पण तुम्ही इमर्शन लावणार आहात का?" शेवटी रोप आमच्या हॉट प्रेसमध्ये राहिलं आणि ते रोज सकाळी येऊन कुंडी खिडकीत ठेवू लागले.

सप्टेंबरच्या अखेरीस काठीच्या टोकाला तांबूस ठिपका दिसला. मी फोटो पाठवायच्या आत शेजाऱ्यांनी बाबांना फोन लावला होता. त्यांच्याकडे नंबर कधी गेला मला माहीत नाही. आता दर रविवारी दोघं बोलतात, मला मध्ये न घेता. लांबचा फोन म्हणून दोघंही ओरडतात, भिंतीतून मला ऐकू येतं. निम्मं चुकीचं कळत असणार. परवा शेजारी एकदम गंभीरपणे सांगून गेले की बाबांच्या भाड्याच्या घरावर मेंढ्या चढवल्यात. बाबांनी शीट्स, म्हणजे छताचे पत्रे, म्हटलं असावं. मी दुरुस्त केलं नाही.

किलबिली आता कपाटात मावत नाही. मागच्या महिन्यात आम्ही मधली फळी काढली, आता वरची काढावी लागेल असं दिसतंय. टॉवेल जिन्याच्या कठड्यावर असतात आणि ओलेच राहतात.